एका वेळी एकच मूठ

४ फेब्रुवारी

धाकट्यास,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, अशी मला दाट शंका आहे. फाडायचंच असेल तर आधी आतला छापील फॉर्म बाजूला काढ. तो माझा नाही, संग्रहालयाचा आहे, आणि त्याची दुसरी प्रत मिळवायला मला तीन खेटे घालावे लागतील.

अकरा वर्षांनी लिहितेय म्हणून भावाची माया दाटून आली असं समजू नकोस. कामाचं आहे. पणजोबांची तलवार संग्रहालय घेतंय. घोडदळाचं नवं दालन होतंय, तिथे ती काचेत ठेवणार आणि खाली पणजोबांचं नाव, ते ज्या लढाईत घोड्यासकट गेले तिचं साल. तिथल्या तज्ज्ञ बाई मोठ्या चिकाटीच्या. त्यांनी पलटणीची जुनी हजेरीवही कुठूनशी मिळवली. मुठीच्या कड्यावर 'क-४७' ठोकलंय ना, आणि म्यानावरही तेच, तो आकडा वहीत आपल्या पणजोबांच्याच नावापुढे आहे. म्हणजे आजोबा सांगायचे त्या थापा नव्हत्या. ऐकून मला तिथेच रडू आलं. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण लिहून झालं.

आता मुद्द्याचं. मूठ पणजोबांची, म्यान पणजोबांचं, पातं मात्र दुसऱ्या कुणाचं तरी. पात्याच्या पाठीवर जे बारीक शिक्के आहेत, तसे शिक्के त्या लढाईनंतर नऊ वर्षांनी मारायला लागले. बाबा गेल्यावर त्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने भिंग लावून हेच सांगितलं होतं. तेव्हा तू समोर होतास आणि तुझा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही. आता बाईंनीही तेच सांगितलं.

फॉर्मात एक रकाना आहे: वस्तूत झालेले बदल, कधी व कोणाच्या हातून. त्यात मी लिहिलंय, "वडील इस्पितळात असताना सहा आठवडे त्यांच्या हत्यारदुरुस्तीच्या कारखान्याची किल्ली धाकट्या मुलाकडे होती. त्या काळात त्याच्या हातून मूळ पातं बदललं गेलं." चोरी हा शब्द वापरलेला नाही. एवढं मी तुझ्यासाठी केलं.

दोन्ही वारसांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. तुझी करून ३१ मार्चच्या आत पाठव. तारीख उलटली तर ते दुसऱ्या कुठल्या घरची तलवार मांडणार आणि आपली परत माझ्या कपाटावर येऊन पडणार. पणजोबांना जगात जागा मिळायची ही एकच संधी आहे, ती तुझ्या हट्टापायी घालवू नकोस.

तुझे भावोजी बरे आहेत. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगितलं.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्यास,

फॉर्म परत मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन वाक्यं: "मूठ उघडून बघा. आत बाबांची खूण असेल." पेन्सिलीने का लिहिलंस? म्हणजे उद्या खोडून मी नव्हेच म्हणायला बरं.

बाबांची खूण मला तू शिकवू नकोस. मूठ उघडली की आत जाणाऱ्या पात्याच्या शेपटावर ते सुईने एक इवलासा माशाचा गळ कोरायचे आणि शेजारी तारीख. गिऱ्हाइकाला कधी दिसायची नाही अशा जागी. "आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे," म्हणायचे. त्या टेबलाशी मी सात वर्षं बसले आहे. जुनी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या माणसाची मुलगी होते, बाहुल्यांऐवजी मला कानशी मिळाल्या. तू तेव्हा आत्याकडे राहून शाळेत जात होतास आणि सुट्टीत येऊन माझ्या पिना हरवत होतास.

मूठ उघडायची नाही. व्यापाऱ्याच्या वेळी तू हाच धोशा लावला होतास आणि मी तेव्हाही नाही म्हटलं होतं. मुठीवरचं चामडं जुनं झालंय, काढताना फाटेल. शिवाय बाबांनी ती तलवार हयातभर कुणाला म्यानातून काढू दिली नाही. पणजोबांचा मान आहे म्हणायचे. वर्षातून एकदा स्वतः तेल लावायचे, तेसुद्धा दार आतून लावून. आणि आपण ती पार खिळखिळी करून ठेवायची?

आणि एक सांगते, तुझा डाव मला कळत नाही असं नाही. सहा आठवड्यांत माणूस पातं बदलू शकतो, तसा आत हवी ती तारीखही कोरू शकतो. तुला गळ काढता येत होता. इतक्या खात्रीने "उघडून बघा" म्हणतोस, म्हणजे आत काय आहे ते तुला माहीत असणार. त्याच वर्षी तो टोपीवाला संग्राहक तुझ्याकडे चहाला यायचा. तू म्हणाला होतास, दुर्बिणीचा स्टँड दुरुस्तीला आणतो. एका स्टँडला पाच वेळा?

भावोजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग उघडू दे की. नसेल तर नसेल." मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

खरं तर तुला त्या तलवारीचं काय पडलंय? कारखाना तुला मिळाला. काम मला जास्त येत होतं, हे बाबांनाही ठाऊक होतं. विसाव्या वर्षापर्यंत मी मुठी उघडत होते, आणि मग एक दिवस म्हणाले, "तू आता चामड्याचं बघ, हातोडीचं काम राहू दे." का, ते सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं, मुलगी होते ना. नंतर तू आलास आणि माझ्या स्टुलावर बसलास. हा राग जुना आहे आणि त्याचा पात्याशी संबंध नाही, पण विषय निघाला म्हणून लिहिलं.

कोरा फॉर्म पुन्हा आणलाय, मजकूर तोच. शाईने सही कर.

ताई


६ मार्च

धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. "आधी मूठ." दोन शब्दांसाठी तिकीट लावलंस, कमाल आहे.

बाईंनीही तेच धरलंय. वारसांचं एकमत नसेल तर वस्तू तपासल्याशिवाय रकाना भरता येत नाही म्हणाल्या. चामड्याचं काय, विचारलं, तर म्हणाल्या, एक टाका इकडचा तिकडे होणार नाही, आम्ही रोज हेच करतो. नाही म्हणायला काही उरलं नाही. मी हो म्हटलं.

आज उघडली. लांबलचक खोली, मधोमध पांढरं टेबल, त्यावर फक्त आपली तलवार. बाईंनी सगळी हत्यारं आधी ओळीने मांडून घेतली, बाबा मांडायचे तशीच. मला शेजारी बसा म्हणत होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. गुडघे दुखतात, आणि आत औषधांचा वास फार होता. तासाभराने बाहेर येऊन म्हणाल्या, काहीतरी कोरलेलं आहे, फोटो मोठा करून पाठवते. काय कोरलंय ते मी विचारलं नाही. बसची वेळ झाली होती.

जे निघेल ते कळवीन. खरं तेच कळवीन, मी काही लपवाछपवी करणाऱ्यातली नाही.

ताई


१५ मार्च

प्रिय धाकट्या,

तू सुटलास.

फोटो आला. शेपटावर दोन गळ आहेत आणि दोन तारखा. दोन्ही अडतीस वर्षांपूर्वीच्या, एकमेकींपासून तीन आठवड्यांवर. आतला गंज बघून बाई म्हणाल्या, नंतर कधी ती मूठ उघडलीच गेली नाही. तू तेव्हा तेरा वर्षांचा, आत्याकडे. म्हणजे तुझा काही संबंध येत नाही.

शिवाय तलवार मुळात जिथे बनली तिथे ती जुळवताना कारागीर कड्याच्या आत आणि शेपटावर कानशीने सारख्याच खाचा पाडायचा, जोडी चुकू नये म्हणून. आपल्या कड्यात पाच खाचा आहेत, शेपटावर तीन. बाईंचं म्हणणं, त्या दुरुस्तीच्या वेळी बाबांच्या हातून दोन तलवारींची पाती आपसांत बदलली गेली असणार. त्या सुमारास टेबलावर तशीच दुसरी तलवार होती, निवृत्त झालेल्या त्या घोड्यांच्या डॉक्टरांची, आठवते का? तुला कुठून आठवणार. ती घेऊन ते गाव सोडून गेले. पणजोबांचं पातं आता कुणाच्या घरी कुठल्या मुठीत आहे, देवाला माहीत.

तर रकान्यात आता असं लिहिलंय: "वडिलांच्या हातून दुरुस्तीच्या वेळी अनवधानाने पातं बदललं गेलं." साधं, सरळ. बाबा काही आता वाचायला येत नाहीत, आणि अनवधान कुणाचंही होतं. फोटो पाठवला असता, पण मोठा आहे, पाकिटात मावत नाही.

एवढ्या वर्षांत माझं जे बोलणं झालं, ते गैरसमजातून झालं असं धर. गैरसमज सगळ्याच घरांत होतात. तुझ्या बायकोलाही सांग. तिची तब्येत कशी आहे? भावोजी आठवण काढतात.

सही करशील ना? सोळाच दिवस राहिलेत.

तुझी,
ताई


२६ मार्च

धाकट्या,

तुझं पाकीट सोमवारी आलं. तेव्हापासून तीन पत्रं लिहिली आणि टाकून दिली. त्यात मी फार चांगली दिसत होते.

तू सही केलीस. शाईने. पण "वडिलांच्या हातून" खोडलंस आणि वर लिहिलंस, "धाकट्या मुलाच्या हातून." आणि सोबत चिठ्ठी: "ताई, दोन मुठी एकदम उघडणारा माणूस बाबा नव्हते. त्यांच्या नावावर मी हे घालू देणार नाही. माझ्या नावाची तुम्हाला सवय आहे, तेच राहू दे. पणजोबांना काचेत जाऊ दे."

मी चिठ्ठी स्वयंपाकघरात वाचली आणि तिथेच खाली बसले. भावोजी म्हणाले, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

दोन मुठी मी उघडल्या होत्या.

बाबा दाढ काढायला गेले होते. घोड्यांच्या डॉक्टरांची तलवार दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती आणि आपली नवीन चामड्यासाठी टेबलावर होती. बाबांचा एकच नियम होता, तुलाही माहीत आहे: एका वेळी एकच मूठ. एक बंद झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मला वाटलं, संध्याकाळी ते गाल धरून येतील आणि दोन्ही तलवारी तयार बघून चकित होतील. वीस वर्षांची होते. नियम आपल्यासाठी नसतात असं वाटायचं वय. दोन्ही उघडल्या, दोन ट्रेमध्ये सुटे भाग ठेवले. मग दिवा जवळ ओढायला ट्रे सरकवले. दोन्ही पाती सारख्याच लांबीची, दोन्ही तेलाने माखलेली. शिक्के वाचायला मला अजून येत नव्हतं.

आपल्या मुठीत पातं नीट बसेना. जरा घट्ट जात होतं. तेव्हाच मनात आलं, की हे आपलं नव्हे. खाचा मोजायला हव्या होत्या. मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर पुन्हा सगळं उघडायला लागलं असतं आणि बाबा यायची वेळ झाली होती. लाकडी हातोडीने दोन ठोके मारले, बसलं. मग बाबांसारखाच गळ कोरला, तारीख घातली. मला त्यांनी खूण घालायची मुभा दिली होती, किती मिरवायचे मी.

आता फोटोतलं सांगते, जे मी तुला कळवलं नाही. बाबांच्या गळाचं टोक उजवीकडे वळायचं. फोटोतल्या पहिल्या गळाचं डावीकडे वळलंय. मी डावखुरी. बाईंना हे कसं कळणार, त्यांना दोन्ही एकाच माणसाचे वाटले. जगात हे ओळखणारे आपण दोघंच उरलोय. म्हणून फोटो पाकिटात मावला नाही.

दुसरा गळ बाबांचा. तीन आठवड्यांनंतरचा. तेल लावताना त्यांना शिक्के दिसले असणार. मूठ उघडली, खाचा मोजल्या आणि माझी खूण पाहिली. डॉक्टर तोवर निघून गेले होते. ती खूण बाबा एका मिनिटात घासून टाकू शकले असते. ठेवली, शेजारी आपली कोरली आणि मूठ बंद केली. त्यानंतर तलवार म्यानातून काढायची नाही असं घरात ठरलं, आणि त्यानंतरच मला चामड्याकडे बसवलं. धाकट्या, मी साऱ्या जगाला सांगत आले की मुलगी म्हणून बाबांनी माझ्या हातातून काम काढून घेतलं. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक असणार. मला त्यांचा अजूनही राग येतो. बोलायला हवं होतं त्यांनी. ओरडायला हवं होतं.

पण हे सगळं चुकून झालं असं म्हणून मला सुटता येत नाही. खरी गोष्ट पुढे आहे. त्या व्यापाऱ्याने भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला, पातं नंतरचं आहे, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते ते दोन ठोके. तुझा संशय नंतर आला. आधी ठोके आठवले, मग तू दिसलास, आणि कुणी मला काही विचारायच्या आत मी म्हटलं, "किल्ली कुणाकडे होती?" तुझा चेहरा पडला होता तो चोरासारखा नव्हता. तू माझ्याकडे बघत होतास. नंतर मी इतक्यांदा आणि इतक्या जणांना सांगितलं, की माझंच मला खरं वाटायला लागलं. टोपीवाला, स्टँड, पेन्सिल, सगळं मी जमा करत गेले. मूठ मात्र उघडू दिली नाही.

भावोजींना काल रात्रीच्या जेवणानंतर सगळं सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा अर्धवट वाचून ठेवला. म्हणाले, "कुणाकुणाला सांगितलं होतंस, त्यांची यादी कर."

यादी लांब निघाली. आज सकाळी आत्याकडे गेले. कान गेलेत तिचे, मोठ्याने सांगायला लागलं, शेजारच्या खोलीतल्यांनीही ऐकलं. मग म्हणाली, "तो दोनदा आला होता गं माझ्याकडे. मी दार उघडलं नाही. माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला पोर, आणि मी दार उघडलं नाही." मला वाटलं, मला रागावेल. ती स्वतःलाच बोलत राहिली, ते ऐकवलं नाही. उरलेल्यांकडे परवापासून जाणार. भावोजी सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

तिथून संग्रहालयात गेले. नवीन फॉर्म घेतला आणि बाईंसमोर बसून लिहिला: "पातं थोरल्या मुलीच्या हातून बदललं गेलं. वडिलांना नंतर कळलं, त्यांनी वाच्यता केली नाही. धाकट्या मुलाचा यात कोणत्याही प्रकारे संबंध नाही." बाईंनी चष्मा काढून दोनदा वाचलं. म्हणाल्या, "'कुटुंबातील व्यक्तीकडून' एवढं लिहिलं तरी चालतं, आम्हाला कारण पुरतं." मी म्हटलं, मला पुरत नाही. तलवार त्या घेतील. पातं दुसऱ्या तलवारीचं आहे, हे खाली स्पष्ट लिहिणार, आणि मूठ पणजोबांची आहे हेही.

फॉर्म सोबत आहे. फोटोही. दुमडला की मावतो. तू ज्यावर सही केलीस तो फाडून टाकलाय, त्याचे तुकडेही पाकिटात आहेत, म्हणजे मी कुठे ठेवून दिलाय अशी शंका तुला नको. माझ्याबाबत ती यायलाच हवी.

या फॉर्मावर सही करायची की नाही, ते तुझं तू ठरव. पाचच दिवस आहेत, पण त्यासाठी घाई करू नकोस. नाही केलीस तर तलवार घरी येईल आणि मी कुणाला दोष देणार नाही. पणजोबा थांबतील.

तू चोर नाहीस. कधीच नव्हतास, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

मला शिव्या घालायच्या असतील तर पत्रातून घालू नकोस, पेन्सिलीनेही नको. समोर येऊन घाल, मी मध्ये बोलणार नाही. यादीतली घरं मी सकाळी करते. दुपारी घरीच असते.

ताई